धारेवरचे एकेचाळीस खांब

६ मार्च

मामा,

नमस्कार सुरुवातीलाच करून टाकते, कारण शेवटी कागद उरत नाही आणि मग आई माझ्या नावाने ओरडते.

तुला फोनच करणार होते. पण आमच्या चौकीवर सिग्नल नाही, आणि खाली उतरून केलाच तर तू "हो, हो, बरं, बरं" एवढंच बोलतोस आणि मामी फोन हिसकावून घेते. तेव्हा पत्र. मंगळवारी आणि शुक्रवारी दुधाची गाडी वर येते, तीच टपाल नेते-आणते.

आधी आनंदाची बातमी. पिल्लू बाहेर आलं! तुऱ्याच्या गरुडाची ही जोडी मी दोन वर्षं पाहतेय. पहिल्या वर्षी अंडं फुटलंच नाही, दुसऱ्या वर्षी वादळाने घरटं पाडलं. यंदा दरीतल्या सगळ्यात जुन्या झाडावर त्यांनी नवं घरटं बांधलं, आणि परवा सकाळी साडेसातला दुर्बिणीतून मला कापसाचा एक गोळा दिसला. गोळ्याला चोच होती. मी इतक्या जोरात ओरडले की वनरक्षक काका हातातला चहा सांडत बाहेर आले. त्यांना वाटलं साप निघाला.

आता दुसरी बातमी, जिच्यासाठी तुला लिहितेय. डोंगराच्या धारेवरून विजेची लाइन जाते. तिच्या खांबांखाली मला मेलेले पक्षी सापडतात. दोन वर्षांत चौदा. गरुड, ससाणे, एक मोठं घुबड. अंगावर जखम नाही, फक्त पंखाचं टोक करपलेलं आणि पाय काळे. कावळे आणि साळुंक्या त्याच तारांवर दिवसभर गप्पा मारत बसतात, त्यांना काही होत नाही. मग मोठ्यांनाच का? तू पस्तीस वर्षं तारांवर काढलीस, तुला नक्की माहीत असणार.

मामीला सांग, तिने शिवलेलं जाकीट उबदार आहे, फक्त खिसे इतके खोल आहेत की पेन्सिल शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो.

तुझी ठकू


१५ मार्च

ठकू,

पत्र मिळालं. पिल्लाबद्दल अभिनंदन. मामीने "गोळ्याला चोच होती" हे वाक्य शेजारच्या दोन घरांत वाचून दाखवलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वीज कोणाला मारत नाही. वीज फक्त वाट शोधते. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्याच्यातून जाऊन विजेला कुठेच पोचता येत नाही, म्हणून ती त्याच्या वाटेला जात नाही. गरुड मोठा. तो तारेवर बसत नाही, खांबाच्या माथ्यावर जी आडवी लोखंडी पट्टी असते तिच्यावर बसतो. लोखंड जमिनीला जोडलेलं. उडताना त्याने पंख उघडले की टोक तारेला लागतं. पाय लोखंडावर, पंख तारेवर. वाट तयार झाली. एक क्षण पुरतो.

उपाय आहे. खांबाजवळ तारेवर दोन्ही बाजूंना हात-दोन हात लांबीचं आवरण चढवायचं, बाहीसारखं. तयार मिळतात. रबरी पाइप चिरून लावायचं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नकोस, उन्हाने वर्षभरात तडकतो आणि मग आहे त्याहून वाईट.

वीज कार्यालयाला अर्ज कर. पण माझं ऐक, अर्जात "गरुड", "निसर्गाचा ठेवा" वगैरे लिहू नकोस. तिथल्या माणसाला गरुडाचा फॉर्म सापडत नाही. "वारंवार पुरवठा खंडित होत आहे" असं लिही. त्या वाक्याला तिथे लगेच खुर्ची मिळते.

आणि ती लाइन कुठून कुठे जाते, खांब किती, नंबरच्या पाट्या कशा आहेत, नीट लिहून पाठव.

गुडघा ठीक आहे. म्हणजे दुखतो, पण त्याच जागी दुखतो.

मामा


२८ मार्च

मामा,

तुझं पत्र एक आठवडा उशिरा आलं रे! मी आधीच अर्ज देऊन बसले होते, आणि त्यात "निसर्गाचा अमूल्य ठेवा" दोनदा लिहिलं होतं. उत्तर आलं: "पक्ष्यांचा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. कृपया वन कार्यालयाशी संपर्क साधावा." आता वन कार्यालय म्हणजे मीच. मी माझ्याशी संपर्क साधला, मी म्हणाले, बघू.

मग तुझ्या पद्धतीने दुसरा अर्ज दिला. त्याला मात्र चार दिवसांत उत्तर! तुझी खुर्ची खरंच मिळाली. पण उत्तर असं: "पुरवठा पक्ष्यांमुळेच खंडित होतो याचा पुरावा सादर करावा. वार्षिक देखभालीसाठी लाइन १५ जूनला बंद राहील, तेव्हा विचार करता येईल." अभियंता म्हणून एक तरुण मॅडम आहेत, त्यांची सही होती.

१५ जून म्हणजे फार उशीर. पिल्लू मे संपता संपता उडणार. नवीन उडणाऱ्या गरुडाला फांदीवर नीट उतरताही येत नाही, तो मोकळी, उंच, सोपी जागा शोधतो. आणि दरीतून वर आलं की पहिली मोकळी, उंच, सोपी जागा म्हणजे धारेवरचे खांब.

तू लाइनचं विचारलंस. खालच्या उपकेंद्रापासून वरच्या वस्तीच्या दवाखान्यापर्यंत, खांब एकेचाळीस. पाट्या गोल, लोखंडी, आकडे छिन्नीने ठोकलेले. मामा, अख्खी लाइन बोडक्या धारेवरून नेलीय! आजूबाजूला एक झाड नाही. म्हणजे पक्ष्याला बसायला खांबाशिवाय काहीच नाही. खाली दरीतून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना दाट झाडी, लाइन तिथून नेली असती तर गरुडांनी खांबांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. कोण अकलेचा कांदा होता कोण जाणे, ज्याने दरी सोडून धार निवडली. एकदा भेटायला हवा मला तो.

पिल्लू आता बदकाएवढं झालंय आणि खार खाताना शेपटी शेवटी ठेवतं.

ठकू


२० एप्रिल

मामा,

तीन आठवडे झाले, सहा दूधगाड्या येऊन गेल्या, तुझं पत्र नाही. गुडघा वाढला का? की रागावलास? मी काही चुकीचं लिहिलं का? अर्जाचं काम अडलंय म्हणून नाही विचारत, तुझं विचारतेय.

पिल्लाला काळी पिसं फुटलीत.

ठकू


२६ एप्रिल

ठकूबाई,

मी मामी लिहितेय. तुझ्या मामाला हे पत्र माहीत नाही आणि माहीत व्हायचंही नाही.

तो अकलेचा कांदा तुला भेटायला हवा होता ना? भेटलाय तो. तुझ्या लहानपणी तुला खांद्यावर बसवून पतंगामागे पळायचा तोच.

एकतीस वर्षांपूर्वी ती लाइन तुझ्या मामाने टाकली. टोळीप्रमुख होता तेव्हा. गोल पाट्यांवरचे आकडे त्याने स्वतः ठोकलेत, घरी येऊन आठवडाभर हाताला शेक घेत होता. तुझी तिकडे नेमणूक झाली तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटला होता, "पोरगी माझ्या लाइनवर चाललीय." तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पत्रात पाट्यांचं विचारलं तेही तीच लाइन ना एवढं बघायला. गुडघा बरा झाला की स्वतः येऊन दाखवणार होता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात टाकली. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं दाढ दुखतेय. मग माळ्यावरची पेटी खाली आली, जुने नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले, आणि गेले वीस दिवस मी आणि तो स्वयंपाकघरात उभ्याने जेवतोय. विचारलं तर म्हणतो, "चौदा सापडले. न सापडलेले किती असतील?" माणूस आयुष्यभर लोकांच्या घरात दिवा लागावा म्हणून खांबावर चढला, त्याला आता हे.

तू काही मुद्दाम लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. पण आता तूच काय ते बघ. मला माझं टेबल परत हवंय.

तुझी मामी

ता.क. खिसे मुद्दामच खोल ठेवलेत. तू सगळं हरवतेस.


१ मे

मामा,

मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. पाट्या नीट धुऊन पाहिल्या असं समज.

ते वाक्य लिहिणारा हात मी आज तीन वेळा साबणाने धुतला. मला वाटलं होतं तो कुणीतरी कार्यालयात बसलेला, डोंगर न चढलेला माणूस असेल. आज मी उपकेंद्रापासून एकेचाळीसाव्या खांबापर्यंत चालत गेले. मला रिकाम्या हाताने साडेचार तास लागले. तुम्ही ते खांब खांद्यावरून नेलेत. पाऊलवाटसुद्धा नाही तिथे.

मला माफी मागता येत नाही हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तुझा रेडिओ उघडला तेव्हाही नुसती शेजारी येऊन बसले होते. तसं समज.

आणि बस एक सांग. दरी का सोडलीस? दोष द्यायला नाही विचारत. खरंच जाणून घ्यायचंय.

ठकू


६ मे

ठकू,

पाट्या धुऊन कळलं म्हणे. ती पाटी इथे माझ्यासमोर बसून शेंगा सोलतेय आणि मान वर करत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मूळ आखणी दरीतूनच होती. रस्त्याच्या कडेने, सरळ, सोपी. सामान गाडीतून जाणार होतं. मी टोळी घेऊन आखणी तपासायला गेलो. तारेखालची जागा मोकळी करायची म्हणून तोडायची झाडं आधीच ठरली होती, खोडांवर कुऱ्हाडीने सपाट घाव घालून आकडे टाकले होते. दोनशे छप्पन्न झाडं. काहींना आम्हा चौघांची कव पुरत नव्हती. मी वर बघितलं तर माथा दिसेना.

मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. झाडातलंही फारसं नाही. पण ते आकडे मी शेवटच्या झाडापर्यंत मोजले. मी वर गेलो, धार चालून पाहिली, बोडकी होती, कापायला काहीच नव्हतं. साहेबांना म्हटलं, धारेवरून नेऊ, खांब आम्ही खांद्यावर चढवू. ते म्हणाले, "वेडा झालास का?" मी म्हटलं, "हो." टोळीने मला पहिला महिनाभर शिव्या घातल्या. नंतर त्यांनाही त्याचा अभिमान वाटायला लागला. एकही झाड न तोडता नेलेली लाइन. नोकरीतली माझी एवढीच एक गोष्ट, जी मी कुणी न विचारता सांगायचो.

आणि तू लिहिलंस की झाडं नाहीत म्हणूनच ते खांबावर बसतात. ते अगदी खरं आहे. आपण चांगलं केलं असं ज्याच्याबद्दल एकतीस वर्षं वाटत होतं, त्याच्याखाली मेलेले पक्षी पडत होते. ते पचायला मला जरा वेळ लागला. तुझ्यावर राग नव्हता.

आता कामाचं. पुरावा हवा म्हणतात ना? तो त्यांच्याच कपाटात आहे. लाइन कधी बंद पडली त्याची प्रत्येक उपकेंद्रात नोंदवही असते, तारीख, वेळ, कारण. झाड पडलं, वारा, वगैरे. काहीच सापडलं नाही तर "कारण अज्ञात" लिहितात. मी स्वतः शेकडो वेळा लिहिलंय. तू तुझी पक्ष्यांची वही घेऊन जा आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड. "अज्ञात" त्यात सापडेल.

मामा

ता.क. तुझं ते घरट्याचं झाड रस्त्यापासून किती लांब आहे?


१२ मे

मामा, मामा, मामा!

काय काय सांगू? क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील मुलगी शॉर्ट झाली.

सोमवारी उपकेंद्रात गेले. अभियंता मॅडम माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या असतील. टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर एक अर्धवट खाल्लेला पेरू. त्या म्हणाल्या, "पुन्हा गरुड?" मी म्हटलं, "नाही, पुरवठा खंडित." त्यांना हसू आलं. नोंदवही काढायला सांगितली.

मी माझ्या वहीतली तारीख वाचायची, त्यांनी त्यांच्या वहीत शोधायची. पहिली तारीख: सकाळी सात चाळीसला लाइन बंद, कारण अज्ञात. माझ्याकडे: सकाळी साडेनऊ, खांब नंबर अकराखाली ससाणा, अंग अजून गरम. दुसरी जुळली. तिसरी जुळली नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा!" चौथी, पाचवी, सहावी जुळली. सातव्या तारखेला त्यांनी पेरू बाजूला ठेवला. चौदापैकी बारा जुळल्या, मामा! बारा! त्यांनी बाराही नोंदींवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाल्या, "दर वेळी लाइन पुन्हा चालू करायला माझी दोन माणसं त्या धारेवर चढतात. वर दवाखान्यात लसींचा फ्रिज आहे, तो बंद पडला की मलाच बोलणी बसतात. आणि आम्ही अज्ञात लिहितोय."

गोदामात आवरणं पडून आहेत, खारींच्या त्रासासाठी उपकेंद्रात लावायला आणलेली, त्यातली उरलेली. एकोणीस खांबांना पुरतील. येत्या सोमवारी, १८ तारखेला, सकाळी नऊ ते दोन लाइन बंद ठेवायची. पाच तास. एकेचाळीसांतले एकोणीस कुठले निवडायचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ज्या खांबाखाली पांढरे शिंतोडे जास्त, तिथे पक्षी जास्त बसतात, ते मी सांगते. पण तो एकेक खांब आतूनबाहेरून एकाच माणसाला माहीत आहे, ज्याने ते उभे केले." तुला फोन त्यांनी मी तिथे असतानाच लावला. तू "हो, हो, बरं, बरं" म्हणालास, असं त्या सांगत होत्या. म्हणजे येतोयस ना?

आणि झाड. आज सकाळी मी तिथे गेले. घरट्याच्या इतक्या जवळ आम्ही एरवी जात नाही, पण मादी शिकारीला गेलेली पाहून मी दहा मिनिटं उसनी घेतली. रस्त्यापासून तेवीस पावलं. छातीच्या उंचीला एक जुना घाव आहे, साल दोन्ही बाजूंनी भरत आलीय, मधे तळहाताएवढी जागा उरलीय. बोटांनी चाचपला. एकशे बारा.

मामा, घरटं एकशे बारा नंबरच्या झाडावर आहे.

बाकी तू आलास की बोलू.

ठकू


१९ मे

मामी,

मामा आज सकाळच्या गाडीने परत निघालाय, तू काळजीत असशील म्हणून लगेच लिहितेय. (गाडीच्या ड्रायव्हरजवळच हे पत्र देतेय, मामाला माहीत नाही. आपल्या घरात सगळे असंच करतात वाटतं.)

कामगिरी फत्ते. एकोणीसच्या एकोणीस खांब झाले. मामाने आधी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाला, "दोन्ही टोकांना तारा जमिनीला जोडल्याशिवाय कोणी खांबाला हात लावायचा नाही. लाइन बंद आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्यावरही विश्वास ठेवायचा नाही." अभियंता मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. सहा लाइनमन होते, सगळे तिशीच्या आतबाहेरचे. पहिल्या खांबापाशी ते त्याला "काका" म्हणत होते, पाचव्यापाशी "साहेब", दहाव्यापाशी कोणीच काही म्हणेना, नुसते ऐकत होते. मी शिंतोडे दाखवायचे, मामाने वर बघून सांगायचं, "इथे वारा डावीकडून येतो, डावी बाही लांब ठेवा." एकदा एक शाहीन ससाणा डोक्यावरून सुसाट गेला तर मामा हातातला स्पॅनर विसरून बघतच राहिला.

गुडघा उत्तम राहिला. मामा दिवसभर खालूनच सूचना देत होता. खांबावर वगैरे अजिबात चढला नाही. जेवला वेळेवर, औषधही वेळेवर.

तुझी ठकू


२४ मे

ठकूबाई,

पत्र वाचून फार करमणूक झाली. "अजिबात चढला नाही" हे वाक्य मी तुझ्या मामाला वाचून दाखवलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर भिंत आहे.

पँट मी धुतलीय, बाई. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या अंगाला गंजाचे पट्टे. गंज काही खालून सूचना देताना लागत नाही. कितवा खांब ते सांग, नाहीतर पुढचं जाकीट बिनखिशाचं येईल.

टेबल परत मिळालं. आम्ही बसून जेवतो. तो बोलतोय, जरा जास्तच.

मामी


३० मे

मामा,

मामीला सांगावंच लागलं. चोविसावा खांब, एक वाजून पन्नास मिनिटं, बाकीचे सहाही जण दुसऱ्या खांबांवर अडकलेले आणि हाताशी दहा मिनिटं. मी लिहिलं की मी थांबवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न "मामा, मामी मारेल" एवढाच होता, आणि तोवर तू अर्ध्यावर पोचला होतास, हे लिहिलं नाही.

आता नीट बसून वाच. पिल्लू उडालं.

परवापासून ते घरट्याच्या कडेवर उभं राहून पंख झाडत होतं. आईबापांनी खाणं आणणं कमी केलं होतं. बाप समोरच्या कड्यावर खार घेऊन बसायचा आणि दाखवून दाखवून खायचा. पिल्लू इतकं ओरडायचं की काका म्हणाले, "आमच्या धाकट्याची आठवण झाली."

काल सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ते पडलं. उडालं म्हणणं खोटं होईल. कडेवरून पाय सटकला, दोन फांद्यांवर आपटलं, आणि मग एकदम पंख उघडले. खालून वारा येत होता, त्याने त्याला उचललं. दरीवरून वर, वर, कागदासारखं हेलकावत. काका आणि मी धारेकडे धावत सुटलो. मी पोचले तेव्हा ते सतराव्या खांबाकडे येत होतं.

उतरायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. ते जवळजवळ खांबावर आदळलं. पायांनी लोखंडी पट्टी पकडली आणि तोल सावरायला दोन्ही पंख सताड उघडले. मामा, पूर्ण उघडले. डावा पंख तारेवर, उजवा पंख तारेवर, पाय लोखंडावर. तू सांगितलेली ती वाट, जशीच्या तशी. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते बघायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

काकांनी माझा खांदा हलवला. "बघ," म्हणाले.

पंख अजून तारेवरच होते. काळ्या बाह्यांवर पसरलेले, वारा पिसांतून जातोय, आणि महाराज मान वाकडी करून माझ्याकडे बघताहेत. मग त्यांनी पंख मिटले, शेपटी उचलली, आणि खांबाला पांढरा शिंतोडा बहाल केला.

मी काकांना मिठी मारली. ते बिचारे लाजले आणि म्हणाले, "अगं, मी काय केलं?"

ते तिथे चाळीस मिनिटं बसलं. मग बापाने कड्यावरून हाक मारली आणि ते गेलं. या वेळी खरंच उडालं.

मॅडमना खाली निरोप दिला. त्यांनी उरलेल्या बावीस खांबांसाठी आवरणं मागवलीत, १५ जूनला लागतील. तू यायचंस. खालूनच सूचना द्यायच्या.

ठकू


६ जून

ठकू,

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं, मी नाही वाचलं. मी वाचायला घेतलं होतं, "डावा पंख तारेवर" पर्यंत पोचलो आणि चष्मा खराब झाला. मग तिने घेतलं. तिचाही झाला. शेवटचं अर्धं पान शेजारच्या बाईंनी वाचलं.

चोविसाव्या खांबाबद्दल घरात सुनावणी झाली. शिक्षा अशी की १५ जूनला मामीही येणार. खांबाच्या बुडाशी खुर्ची टाकून बसेन म्हणते.

तुझ्या अभियंता मॅडमचा फोन आला होता. पलीकडच्या डोंगरावर आणखी दोन लाइनी आहेत, तिथल्याही वहीत "कारण अज्ञात" फार आहेत. माझ्याबरोबर चालाल का, असं विचारलं. मी नेहमीसारखं हो, हो, बरं, बरं म्हटलं, पण या वेळी मनापासून.

एक सांगायचं राहिलं. पस्तीस वर्षांत मी हजारो खांबांवर चढलो असेन. चढताना खांब बघायचो, वर तार बघायची, उतरताना पाय बघायचे. काम झालं की खाली उतरून पुढच्या खांबाकडे. मी उतरल्यावर तिथे कोण येऊन बसतं, हे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

काल सकाळी चहा घेऊन गच्चीवर उभा होतो. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावर घार बसली होती. रोज बसत असणार. तिला सकाळचं ऊन लागत होतं, चोचीने एकेक पीस साफ करत होती, कसलीच घाई नाही. मी कप कठड्यावर ठेवला आणि बघत राहिलो. मामी दोनदा हाका मारून वर आली, मग तीही बघायला लागली.

चहा पार गार झाला. घार उडाल्यावरच आम्ही खाली आलो.

मामा